हे ठरवलं कोणी?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तळमजल्यावर एका बाजूला वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला ड्रॉइंग हॉल आणि मधे जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिच्यात क्रिकेटचं किट, गॅदरिंगचे पडदे आणि गणपतीचं मखर ठेवत. आता त्या खोलीवर ‘मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभाग’ अशी पाटी आहे. किट गेलं, पडदे गेले. मखर अजून तिथेच आहे आणि त्याच्यासमोर टेबल टाकून आमचे सर बसतात.

विभागात माणूस एकच. प्रमुख तेच, प्राध्यापक तेच. रजिस्टरवर ‘खडू दिले’ ही सही त्यांची आणि ‘खडू मिळाले’ ही सहीही त्यांचीच. तपासणीला आलेल्या एका समितीने विचारलं, विभागाची बैठक कधी घेता? सर म्हणाले, “रोज सकाळी. दाढी करताना.”

मी थर्मोडायनॅमिक्स शिकवतो. आठ वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावर छत गळायला लागलं म्हणून मला ‘तात्पुरतं’ जिन्याखाली हलवलं. गळती त्याच वर्षी थांबली. मला परत वर न्यायचं राहूनच गेलं. मी माझं कपाट आत ओढत होतो तेव्हा सर चष्म्याची काच शर्टाच्या टोकाला पुसत होते. कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान जराशी तिरकी करून म्हणाले, “हे ठरवलं कोणी?”

मला वाटलं, रागावले. तसं नव्हतं. कोणी पत्ता विचारावा इतक्या निरागसपणे ते हा प्रश्न विचारतात आणि दिवसातून वीस वेळा विचारतात. पोरांनी त्यांचं नावच ‘ठकसर’ पाडलंय. ‘ठरवलं कोणी’ची आद्याक्षरं. सरांना ते माहीत आहे. मस्टरवर एकदा सहीच्या जागी त्यांनी ‘ठक’ लिहिलं होतं. क्लार्कने वरून पांढरी शाई फासली.

असा एक माणूस महाराष्ट्रातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत सापडेल. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित कॉलेजं उगवायला लागली, माळावर, उसाच्या फडाशेजारी, कुठेही. प्रत्येक कॉलेजाला शेकडो इंजिनिअर लागले आणि असा एकेक माणूस लागला. कुठे तो अर्थशास्त्राचा असतो, कुठे इंग्रजीचा, कुठे मानसशास्त्राचा. बाकीचा स्टाफ त्याला ‘कम्युनिकेशनवाले सर’ म्हणतो, मग त्याची पीएच.डी. मावळातल्या पाणीवाटपावर का असेना. त्याचा विषय ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक. ही इच्छा नक्की कोणाची, हे मी आठ वर्षांत शोधू शकलेलो नाही.

अशा माणसाने झब्बा घालावा, खांद्याला शबनम लावावी, दाढी राखावी अशी पोरांची अपेक्षा असते. आमचे सर कडक इस्त्रीचा फुल शर्ट पँटमध्ये खोचतात, खिशाला तीन पेनं आणि एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. आम्हा सगळ्या इंजिनिअरांपेक्षा इंजिनिअर तेच दिसतात. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “झब्बा बघितला की पोरं पहिल्याच मिनिटाला कान मिटून घेतात. शर्टात पाच मिनिटं मिळतात.” स्क्रू-ड्रायव्हर कशाला? “खोलीतला पंखा मीच दुरुस्त करतो. मेंटेनन्सवाले म्हणतात, जिना त्यांच्या यादीत आहे, जिन्याखालचं नाही.”

त्या प्रश्नाचा जाच किती होतो म्हणून सांगू! स्टाफ मीटिंग चालू होती, विषय ‘निकाल सुधारणा’. एसी फुल्ल. आमच्या बाई प्राध्यापक सगळ्या पदर नाहीतर ओढणी लपेटून बसलेल्या. सर उठले. “हा थंडावा इतकाच हवा, हे ठरवलं कोणी?” प्राचार्य म्हणाले, रिमोट कोणाकडे आहे? सर म्हणाले, रिमोटचा प्रश्न नाही. मग दहा मिनिटं त्यांनी समजावून सांगितलं की ऑफिसात किती गारवा सुखाचा, याचं गणित १९६० च्या दशकात बसलं आणि ते बसवताना शरीराची उष्णता मोजली ती चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची. म्हणून बायका कुडकुडतात. आमचे प्राचार्य वयाने छप्पन्न आणि वजनाने शंभराला टेकलेले. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यालाच लावून चाललंय. निकाल सुधारायचा राहिला. एसी मात्र तेव्हापासून २६ वर असतो, आणि बाईंनी संक्रांतीला सगळ्यात आधी वाण दिलं ते सरांच्या घरी.

एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नल लांबलचक. मी कंटाळून पिवळ्यावर गाडी काढली, हवालदाराने शिट्टी मारली. मी लायसन काढेपर्यंत सर उतरून हवालदारापाशी पोचलेसुद्धा. “साहेब, इकडच्या बाजूला नव्वद सेकंद आणि तिकडच्या बाजूला तीस, हे ठरवलं कोणी?” मी डोळे मिटून घेतले. पण हवालदार बघतच राहिला. म्हणाला, “अहो, हेच मी सहा वर्षं वर विचारतोय!” मग दोघं झाडाखाली गेले. झोपडपट्टीकडची बाजू कोणती, बंगल्यांकडची कोणती, चालत ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांना किती सेकंद लागतात, असं वीस मिनिटं चाललं. निघताना त्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले. पावती माझ्या नावाने फाटली.

पण सर खरे बघायचे ते इलेक्टिव्ह निवडायच्या आठवड्यात.

यादी लागते. रोबोटिक्सच्या जागा आपण चहा कपात ओतेपर्यंत संपतात. मग डेटा सायन्स, मग इलेक्ट्रिक व्हेइकल. शेवटी उरतो तो ‘तंत्रज्ञान आणि समाज’, क्रेडिट तीन. सर म्हणतात, “माझ्या वर्गात कोणी येत नाही. बाकीच्या वर्गांतून उरतात.” तरी पोरं चौकशीला येतात. मखरापुढे रांग लागते आणि प्रश्न ठरलेले.

“सर, यात डेरिव्हेशन आहे का?”

“नाही.”

“न्यूमेरिकल?”

“नाही.”

“प्रॅक्टिकल, जर्नल, ओरल?”

“ओरल आहे. पण ते मी रोज घेतो, वर्गात.”

“सर, आयएमपी क्वेश्चन्स मिळतात ना?”

“मिळतात. एकच आहे.”

पोरगा खूश होऊन नाव नोंदवून जातो. तो एक प्रश्न कोणता, हे त्याला डिसेंबरात कळतं.

टाइमटेबल करणाऱ्यांनी हा तास शुक्रवारी साडेतीनला घातलाय. शुक्रवारी साडेतीन ही शिक्षणाची वेळ नसून एसटी पकडायची वेळ आहे. पोरं वर्गात येतात ती पाठीला सॅक, हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन. दुसरा कोणी असता तर त्याने हजेरीचा धाक घातला असता. सरांनी डेपोतून वेळापत्रक आणून फळ्याच्या कोपऱ्यात डकवलं. शिकवता शिकवता घड्याळ बघतात आणि म्हणतात, “बार्शीवाले, निघा.” दोघंतिघं वाकून बाहेर. दहा मिनिटांनी, “पंढरपूर.” मग, “अकलूज, तुमची गाडी आज लेट आहे, बसा.” आणि पुढच्या शुक्रवारी बार्शीवाल्यांना ते पहिल्या बाकावर बसवून आधी मागचं राहिलेलं सांगतात. मी थर्मोच्या तासाला सगळी दारं लावून घेतो, तरी माझी पोरं खिडकीतून जातात. सरांची पोरं परवानगी असूनही गाडी सोडतात, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मला त्याचा थोडा राग आहे, तो इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या तासाला सर फळ्यावर एकच शब्द लिहितात: सोसायटी. आणि विचारतात, म्हणजे काय?

पुण्यातला पोरगा पटकन उठतो. “सर, जिला वॉचमन असतो ती.”

वर्ग हसतो. दुसरा म्हणतो, “मेंटेनन्स भरावा लागतो.” तिसरा विचारतो, “सर, रजिस्टर्ड की अनरजिस्टर्ड?” मग मागून कोणीतरी माढ्याकडचा, आधी जरा दबकत: “आमच्याकडं सोसायटी म्हंजे पीककर्ज देती ती. चेअरमन निवडून येतो. लई भांडणं व्हत्यात.” पुणेकर मागे वळून बघतात. त्यांना हे माहीतच नसतं. माढेकराला वॉचमनची सोसायटी माहीत असते, कारण त्याचा थोरला भाऊ त्यातल्याच एका गेटवर रात्रपाळीला असतो.

सर खडू खाली ठेवतात. त्यांच्या मते वर्षभराचा अभ्यासक्रम तिथे संपलेला असतो. पुढचे चाळीस तास ते फक्त उजळणी घेतात.

पेपर तपासायच्या वेळी मला त्यांच्या टेबलावर जायला आवडतं. आमच्या पोरांना तीन वर्षांत आम्ही एक सवय लावलेली असते: काहीही विचारलं तरी आकृती काढायची, भागांना नावं द्यायची, खाली फायदे-तोटे लिहायचे. त्यामुळे ‘१९८२ च्या गिरणी संपावर टीप लिहा’ या प्रश्नालाही उत्तर येतं: संपाचे फायदे, पाच मुद्दे. संपाचे तोटे, पाच मुद्दे. संपाचे उपयोग. एकाने मालक आणि कामगार यांच्यामधला वाद ब्लॉक डायग्रॅम काढून दाखवला होता, फीडबॅक लूपसकट. आणि एकाने फक्त आलेख काढला: ताण आणि विरूपण, आमचा नेहमीचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह. सुरुवातीच्या सरळ रेषेवर लिहिलं होतं ‘बदली कामगार, कमी पगार, सहन करणे’. वाकतो त्या बिंदूवर ‘१८ जानेवारी १९८२’. पुढे रेषा लांबत लांबत गेलेली, तिच्यावर ‘गावाकडे परत’, ‘बायकोचे डूल’, ‘मुलाची शाळा’. आणि रेषा तुटते तिथे काहीच लिहिलं नव्हतं.

सरांनी तो कागद तीन वेळा बघितला. दहापैकी नऊ दिले. मला दाखवला. मी म्हटलं, तुटण्याआधी पदार्थ बारीक होतो, ते त्याने दाखवलं नाही. मी अर्धा मार्क कापला असता. सर म्हणाले, “ते त्याने दाखवलंय. तुम्ही डुलांच्या ओळीवर बोट ठेवा.” मी बोट ठेवलं. मग मी माझ्या जागेवर येऊन माझे पेपर तपासायला लागलो.

आमचं भांडण होतं ते धरणांवरून. जुलैच्या सुमाराला सर धरणं घेतात. आधी मुळशी: १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, मुंबईला वीज हवी म्हणून मावळातली भातखाचरं पाण्याखाली. मग १२ जुलैच्या जवळपास पानशेत. फळ्यावर मातीच्या धरणाचा छेद काढतात, आमच्या सिव्हिलवाल्यांपेक्षा सुबक, आणि मला बोलावतात. “पाणी सोडायच्या नळापाशी बांध खचला, म्हणजे काय झालं, ते तुम्ही सांगा.” पहिल्या वर्षी मी म्हटलं, मी मेकॅनिकलचा, धरण हे सिव्हिलचं काम. सर म्हणाले, “१९६१ साली पाणी पेठांत शिरलं तेव्हा त्याने ब्रँच विचारली नव्हती.” गेलो. समजावून सांगितलं. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून फुटायचं ते रात्री न फुटता सकाळी फुटलं, हेही सांगितलं. सर शेवटी पुढे आले. “काम अर्धवट असताना त्याच पावसाळ्यात पाणी अडवायचं, हे ठरवलं कोणी?”

मला राग आला. खोलीत आल्यावर म्हटलं, तुम्ही आम्हाला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता. तुमच्या घरी नळाला येणारं पाणी कुठून येतं? सर म्हणाले, “खडकवासल्यातून. म्हणून तर विचारतो. जे पाणी मी पीत नाही, त्याबद्दल मी कशाला तोंड उघडू?” आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. भांडण झालं की ते पोळी देतात. आठ वर्षांत माझं वजन वाढलंय.

त्याच आठवड्यात एक पालक आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी, चेहऱ्यावर तक्रार. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपणारा. “सर, पोराला विंजनेर व्हायला घातलाय. फी भरतो. ह्ये समाज-बिमाज कशाला? त्यो आम्ही गावात रोज बघतोच की.” मी मनात म्हटलं, बरोबर बोलतोय माणूस. सर म्हणाले, “काका, तास सुरू होतोय. पाच मिनिटं बसा, मग बोलू.” आणि त्यांना वर्गात नेलं.

पाच मिनिटांनी फळ्यावरचं धरण बघून काकांनी हात वर केला. वर्गात हात वर करायचा असतो हे त्यांना आठवत होतं. म्हणाले, आमचं जुनं गाव उजनीत गेलं. मोजणीवाले आले, दगडावर लाल खूण मारली, म्हणाले हितवर पाणी येणार. माझ्या बापानं विचारलं, हितवरच का? तर म्हणाले, लेव्हल हितं येती. दहा पावलं पलीकडचं घर राहिलं, आमचं गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं, म्हातारी होती तोवर काठावर उभी राहून हात जोडायची. मग जरा थांबले आणि म्हणाले, “पर खोटं कशाला बोलू, नव्या जागी माझा ऊस त्याच पाण्यावर हाय. ह्याची फी त्याच पाण्यातनं आली.”

त्या दिवशी बार्शीची गाडी गेली, पंढरपूरची गेली, अकलूजची गेली. कोणी उठलं नाही. शेवटच्या बाकावरचा मुलगा बापाकडे असा बघत होता की जणू ही माहिती त्याला वर्गात सगळ्यांबरोबर पहिल्यांदाच मिळत होती. आणि ती तशीच मिळत होती.

तास संपला. काका बाहेर आले, टोपी सारखी केली आणि विचारलं, “सर, ह्याला मार्क किती असत्यात?”

“शंभर.”

“मग असू द्या.”

या माणसाला कॉलेज वापरून घेतं, ते मात्र बघवत नाही. कुठलाही समारंभ असो, सूत्रसंचालन सरांकडे. संस्थापक-अध्यक्षांच्या वाढदिवसाचं मानपत्र सरांकडे. प्राचार्यांचं भाषण, निमंत्रणपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ, रांगोळीतलं सुभाषित, श्रद्धांजलीचा फलक, सगळं सरांकडे. भाषा म्हणजे काय, ती या माणसाकडे नळासारखी आहे, सोडला की येते, असा सगळ्यांचा समज. सर कुरकुर करत नाहीत. फक्त दर वर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाच्या सूत्रसंचालनात, सूड घेतात. प्रमुख पाहुण्यांची ओळख झाली की शांतपणे म्हणतात, “ज्यांच्या जयंतीनिमित्त आपण जमलो ते सर विश्वेश्वरय्या १८८१ साली बी.ए. झाले आणि मगच पुण्याला येऊन इंजिनिअर झाले. ज्या माणसाने खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तो आधी आमच्या बाजूचा होता.” सभागृहात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ‘बी.ए.’ म्हटलं की मागची पोरं टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेतले विभागप्रमुख पंख्याकडे बघतात.

आणि मूल्यांकनाचं वर्ष! ज्यांनी ते भोगलंय त्यांना सांगायला नको. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला, आपल्या पदव्या परदेशात चालाव्या म्हणून; तेव्हापासून आम्ही शिकवतो कमी आणि रकाने भरतो जास्त. प्रत्येक विषयातून विद्यार्थ्यात कोणते गुण उतरले, याची बारा घरं होती, त्यांना पीओ म्हणायचं. घर भरायचं ते ३, २, १ किंवा आडवी रेघ मारून. पहिली पाच घरं आमच्या ओळखीची, गणित, डिझाइन वगैरे. सहापासून पुढे अंधार: समाज, पर्यावरण, नैतिकता, एकत्र काम करणं, संवाद, पैशांचा हिशोब आणि बारावं, आजन्म शिकत राहणं. मग वर्षभर ज्यांनी सरांच्या जिन्याखाली पाऊल टाकलं नाही, ते सगळे विभागप्रमुख फायली घेऊन मखरापुढे उभे.

“सर, मशीन डिझाइनमध्ये नैतिकता किती टाकू?”

“शिकवता का?”

“नाही हो. पण रेघ मारली तर बरं दिसत नाही.”

सरांनी चष्मा पुसला. “म्हणजे नैतिकतेच्या घरात खोटं लिहायचं?”

खोलीत इतकी शांतता झाली की वर्कशॉपमधलं लेथ ऐकू आलं. आमच्या विभागप्रमुखांना आधीच बीपी, त्यांनी खुर्ची शोधली. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि फाईल ठेवून घेतली. त्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून त्यांनी आमच्या एकेका विषयात खरोखरच काय शिकवता येईल ते लिहून काढलं: बोल्टची जाडी खर्चासाठी कमी करायला सांगितली तर काय कराल, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कोणाच्या सांगण्यावरून बांधून ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “आता शिकवा, मग दोन लिहा. तीन लिहू नका, तीन मलाही जमत नाही.” बाराव्या घरात मात्र त्यांनी माझ्या विषयापुढे आडवी रेघ मारली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाले, “पुरावा काय जोडणार?”

तो टोमणा होता, आणि त्याला मागचा संदर्भ होता. मी खोलीत नवा असताना एकदा बढाई मारली होती की १९५९ साली केंब्रिजला सी. पी. स्नो नावाच्या माणसाने व्याख्यान दिलं आणि त्यात सांगितलं, साहित्यवाल्यांना मी थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम विचारला, तर कोणालाही येईना. तुमचं काय? सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी दुसरा नियम दोन्ही पद्धतींनी म्हणून दाखवला, क्लॉशियसचा आणि केल्विन-प्लँकचा, शाळेत पाढे म्हणतात तसा, हात मागे बांधून. नंतर म्हणाले, “थोडक्यात, गार झालेला चहा आपणहून गरम होत नाही, आणि कोणी तसं आश्वासन दिलं तर मत देऊ नये. बरोबर?” मी म्हटलं, परीक्षेत इतकं चालणार नाही, पण बरोबर. “आता तुमची पाळी,” म्हणून त्यांनी मखराच्या मागून एक पातळसं पुस्तक काढलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. “स्नोने दुसऱ्या बाजूलाही प्रश्न विचारला होता. तो तुम्ही सांगितला नाहीत.”

ते पुस्तक आठ वर्षं माझ्या खणात स्टीम टेबलखाली होतं. दर दिवाळीत सर विचारायचे, कुठवर आलात? मी म्हणायचो, सुरुवात छान आहे.

गेल्या वर्षी सरांच्या मुलीला बारावीला चांगले मार्क पडले आणि तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेतलं. मी पेढे मागायला गेलो. “हे ठरवलं कोणी?” मीच विचारून घेतलं, म्हटलं एकदा तरी. सर म्हणाले, “तिनेच. मी विचारलं तर म्हणाली, बाबा, घरात एकाने तरी कमवायला हवं.” वहिनी बँकेत अधिकारी आहेत, त्या आतून म्हणाल्या, “माझं कमावणं कोणी मोजतच नाही ना!” आणि सरांनी मान खाली घातली. या घरात त्यांचा प्रश्न चालत नाही. भाजी काय, हेसुद्धा विचारायची सोय नाही. विचारलं की पिशवी हातात येते.

मग परवा तिचा फोन आला, आमच्या खोलीत, स्पीकरवर. तिच्या कॉलेजात इलेक्टिव्हची यादी लागली होती. सर एकदम सरसावून बसले, कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, काय काय आहे म्हणाले, वाचून दाखव. मुलगी म्हणाली, “बाबा, ते जाऊ दे. यातलं शुक्रवारी दुपारी कुठलं नाही, तेवढं बघून सांग ना.”

सरांनी टोपण परत लावलं. बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मला कधी नाही ते वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस काहीतरी भलतंच करतो. मला त्या दुपारी सेमिस्टरच्या परीक्षेचं सुपरव्हिजन होतं. तीन तास वर्गात नुसतं उभं राहायचं, मोबाइल बंद. जाताना खणातून ते पुस्तक काढून घेतलं.

तीन तासांत एका पोराने पुरवणी मागितली, ती मी दोनदा दिली, असं नंतर कळलं. शनिवारी घरी जाऊन उरलेलं संपवलं. सोमवारी सकाळी सर यायच्या आधीच मी खोलीत येऊन बसलो होतो. ते आले, डबा ठेवला, चष्मा पुसायला घेतला.

“दुष्काळ,” मी म्हटलं.

“काय?”

“इतकं सगळं नीट लागत आलेलं. पोरं शाळेत यायला लागली, तालीम उभी राहिली. आणि शेवटी दुष्काळ! अहो, दोन सरी पाडायला काय हरकत होती? सगळं उठवून लावलं गाव! हे ठरवलं कोणी?”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग उठून मखरामागून ती जुनी मूल्यांकनाची फाईल काढली, थर्मोडायनॅमिक्सचं पान उघडलं, बाराव्या घरातल्या आडव्या रेघेवर काट मारली आणि तिथे सावकाश ३ लिहिलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सोमवार, सकाळी नऊ वीस. आवाज चढलेला.’

आणि डबा उघडून अख्खी पोळी माझ्या झाकणात ठेवली.